तिसऱ्या वाटेवरचा चुना

आमच्या गावाभोवती पायी फिरायला पाच वाटा आहेत. त्या पाच आहेत हे मीच ठरवलं. गावात कोणाला विचाराल तर तो म्हणेल, वाटा कसल्या मोजताय, पाय नेतील ती वाट. पण मी पडलो चित्रकलेचा शिक्षक. जुन्नरच्या शाळेत पोरांना पट्टीशिवाय सरळ रेघ मारायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि दिसेल त्यावर रेघ मारून खाली नाव लिहायची खोड अंगात मुरली. एका जाड वहीत मी या पाचही वाटांचे नकाशे काढले होते. कुठे किती मिनिटं लागतात, कुठे चिखल असतो, कुठल्या बांधावरचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, सगळं त्यात होतं. ती वही मी अलीकडे उघडत नाही.

पहिली वाट येडगाव धरणाच्या पाण्याकडेनं जाते. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की भेगाळलेल्या गाळावरून चालता येतं. दुसरी डोंगरावरच्या देवीच्या ठाण्याला. चौथी कालव्याच्या भरावावरून. पाचवी म्हणजे दुसरीच वाट उलट्या बाजूनं उतरणं, हे कबूल करतो. चार म्हटलं तर कमी वाटतात म्हणून मी ती वाढवली. राहिली तिसरी. हे सगळं तिच्याविषयी आहे.

तिसरी वाट मारुतीच्या देवळामागून निघायची, पाच जणांच्या शेतांच्या बांधांवरून जायची, ओढ्यातल्या सहा दगडांवरून पलीकडे व्हायची आणि माझ्या आत्याच्या वस्तीवर संपायची. माझ्या पायांनी बावीस मिनिटं. आत्याच्या पायांनी पाऊण तास, कारण ती वाटेत बोलायची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. दिली गावातल्या गावात, ओढ्यापलीकडे. गाव तिला आक्का म्हणतं. माझे आईवडील गेले, घराला कुलूप लागलं, तेव्हापासून रविवारी गावी आलो की माझं जेवण तिच्याकडे. तिचा नवराही जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा चाकणला कंपनीत, बिऱ्हाड भोसरीत. वस्तीवर ती, एक गाय आणि एक कुत्रं. डांबरी रस्त्यानं तिच्याकडे जायचं तर कालव्याला वळसा घालून सहा-सात किलोमीटर पडतात. म्हणजे सत्तरीला आलेल्या त्या बाईला गाव होतं ते त्या वाटेमुळेच.

रोज सकाळी ती दुधाची किटली घेऊन त्या वाटेनं डेअरीवर यायची. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. असतोच, त्याचं आता कोणाला नवल राहिलेलं नाही. शेतावर निघालेली माणसं मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून चालतात. आत्याकडे साधा मोबाइल, त्यामुळे ती स्वतःच मोठमोठ्यानं बोलत चालायची. आधी बिबट्याला दोन शिव्या, मग गायीची तक्रार, मग सुनेची. शेतातली माणसं लांबून ओळखायची, आक्का आल्या. आणि कोणाच्या शेतातून ती मुकाट गेली असं कधी झालं नाही. 'तुजा पाइप गळतोय रं.' 'वासरू सुटलंय तुमचं, बघा आधी.' गुरं शिरू नयेत म्हणून प्रत्येक बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांची फांदी आडवी टाकलेली असायची. आत्या किटली खाली ठेवायची, फांदी बाजूला करायची, पलीकडे जायची आणि वळून ती होती तशी परत लावायची. पाच वेळा जाताना, पाच वेळा येताना. मी एकदा तिला विचारलं, 'ही वाट कागदावर आहे का गं कुठे?' ती म्हणाली, 'कागदावर कशाला? लोकांच्या ध्यानात हाय.' मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटलं होतं.

मग पुण्याचे लोक आले. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातल्या दहा-बारा जणांना सुट्टीच्या दिवशी पायी हिंडायचं वेड. किल्ल्यांवर गर्दी होते म्हणे, म्हणून त्यांना साध्या शिवारातल्या वाटा हव्या होत्या. मी वही दाखवली. इतकं कौतुक माझ्या चित्रांचंही कधी झालं नव्हतं. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, 'सर, वाटेवर फक्त खुणा हव्यात, म्हणजे आम्ही तुम्हाला त्रास न देता येऊ शकू.' परदेशात खेड्यापाड्यांत अशा खुणा असतात, असं म्हणून त्यांनी फोनवर एक फोटोही दाखवला. हिरवं कुरण, मेंढ्या आणि दगडावर पांढरा ठिपका. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो चढलोच.

दगडांना ऑइलपेंट फासणाऱ्यांची मला चीड आहे. म्हणून मी चुना घेतला. पावसाळ्यात धुऊन जाईल, कशाला इजा नाही, असा मोठा सुज्ञ विचार. सुरुवात तिसऱ्या वाटेपासून केली, कारण ती सर्वांत सुंदर. माघातल्या यात्रेचा दिवस धरला. त्या दिवशी शिवारात चिटपाखरू नसतं. यात्रेचा दिवस का, तर उगाच कोणी मध्ये येऊन प्रश्न विचारायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. पण ज्याला लोकांना विचारायचं नसतं तोच असा दिवस बघतो, हे मला तेव्हाही आत कुठेतरी कळत होतं. दर साठ पावलांवर एक दगड, आणि प्रत्येक बांधाच्या तोंडाशी दोन. ओढ्यातल्या दगडांनाही कुंचा फिरवला. दोन तासांत अख्खी वाट लांबून दिसायला लागली. ओढ्याकाठी बादली धुतली, हात धुतले, आणि संध्याकाळची जुन्नरची एसटी धरली. मला फार छान वाटत होतं.

आता ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांना सांगायला हवं. आमच्याकडे शेतातल्या दगडावर चुना दिसला की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते, मोजणी. सरकारी माणसं येतात, यंत्र लावतात, दगडांना चुना फासतात, आणि मग कधीतरी त्या दगडांमधून रस्ता जातो. नवा हमरस्ता येणार, रेल्वे येणार, अशा आवया आमच्या भागात सारख्या उठतात आणि बसतात. मी शेतकऱ्याचा मुलगा. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ठाऊक होतं, पण पुण्याच्या लोकांच्या डोळ्यांनी बघता बघता मी ते विसरलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळीच शिवारात बोंब झाली. मधल्या सुट्टीत मला आत्याचा फोन आला. ती सहसा फोन करत नाही, बॅलन्स संपेल या धास्तीनं.

'लेका, चुना तू मारलास का?'

'हो. का गं?'

'लोकं लई तापलीत. यात्रेचा दिवस बघून सायबांनी चोरून मोजणी केली म्हणतात. उद्या तलाठ्याकडं जायचं म्हणतात.'

मी लगेच पुढचा हिशोब केला. तलाठ्यापासून गोष्ट पोलीस पाटलाकडे जाणार, तिथून शाळेत येणार, मास्तरानं लोकांच्या शेतांत न विचारता खुणा केल्या म्हणून. मी म्हटलं, 'मी रविवारी येतो आणि सगळ्यांना नीट सांगतो.'

'रविवार कशाला? आजच ये.'

'आज शाळा आहे.'

शाळा होती हे खरं. पण ती संध्याकाळी सुटते, आणि जुन्नरहून गावाला तासाभरात पोचता येतं. ती म्हणाली, 'बरं. मी बघते.'

तिनं काय बघितलं ते मला दोन दिवसांनी कळलं. त्याच सोमवारी संध्याकाळच्या दुधाला डेअरीवर सगळे जमले असताना ती मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, 'चुना मी मारला. डोळ्यांत मोतीबिंदू हाय, सकाळचं धुकं असतं, वाट दिसत न्हाई. कोणाची मोजणी न्हाई नि काय न्हाई.' तलाठ्याकडे जायचं राहिलं. हे मला कळलं तेव्हा मला काय वाटलं ते लाज सोडून सांगतो. हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं. त्या रविवारी मी गावी गेलोच नाही. पेपर तपासायचे होते.

त्याच्या पुढच्या रविवारी गेलो तेव्हा देवळामागे तार लागली होती. चार पदरी काटेरी तार, नवे सिमेंटचे खांब. पहिलं शेत एका म्हाताऱ्या काकांचं आहे, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. तार आधी त्यांनी लावली आणि पाठोपाठ बाकीच्या चौघांनी. एकानं तर बांधच नांगरून टाकला. कारण मला थांब्यावरच्या हॉटेलात चहा पिताना कळलं. लोकांनी आत्याचं ऐकून घेतलं होतं, पण त्याचा वेगळाच अर्थ लावला होता. म्हातारी वाटेवर खुणा करते म्हणजे वहिवाट लावायचा विचार दिसतो. तहसीलला अर्ज गेला की साहेब जागेवर येऊन वापरातल्या वाटेच्या खुणा बघणार, आणि एकदा वाट कागदावर चढली की तिथून उद्या ट्रॅक्टर जाईल, परवा डंपर. चाकणच्या पोराला वस्तीची जमीन बंगलेवाल्यांना विकायची असणार, त्याला रस्ता पाहिजे असणार. पराचा कावळा झाला होता. आत्याशी कोणी भांडलं नाही. भांडले असते तर तिनं चार शब्द सुनावले असते आणि विषय निघाला असता. त्यांनी नुसती तार लावली.

ती दोनदा डांबरी रस्त्यानं डेअरीवर आली. ऊसतोडीचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वर कर्कश गाणी. दुसऱ्या वेळी ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसानं तिच्या हातातली किटली उडवली. ती रस्त्याकडेला बसली, किटली शोधून उचलली आणि अर्ध्यातूनच घरी परतली. दूध न्यायला कोणी नाही म्हणून मग गाय विकली. गाय गेल्यावर सकाळी उठून करायला तिला काही उरलं नाही. मी जायचो तेव्हा ती ओट्यावर बसलेली असायची, आणि बोलत नसायची. मोठमोठ्यानं बोलणारी ती बाई नऊ-दहा रविवारांत इतकी शांत झाली की मी पायऱ्या चढताना मुद्दाम खाकरायचो. मी आता मोटरसायकलवर वळसा घालून जात होतो आणि भाजीची पिशवी नेत होतो, जणू भाजीनं भागणार होतं.

सांगायचं मी ठरवलं नाही असं नाही. दर शनिवारी ठरवायचो. कोणाला आधी सांगायचं, सुरुवात कशी करायची, हेही मनाशी जुळवून ठेवायचो. मग रविवारी देवळापाशी त्या पाचांतला कोणीतरी दिसायचा, 'काय मास्तर, बरंय का?' म्हणायचा, आणि मी 'बरंय' म्हणून गाडी पुढे काढायचो. गावात मला मान आहे. यात्रेचे फलक मी रंगवतो, लग्नघरांच्या भिंतींवर नवरानवरीची नावं मी काढतो. बादलीभर चुन्याची चूक कबूल केली असती तर लोक हसले असते, फार तर दोघांनी शिव्या घातल्या असत्या. एवढ्याला मी भ्यालो आणि मूग गिळून बसलो.

आत्यानं एकदाही विषय काढला नाही. ती चुलीपुढे बसलेली, मी ताटावर. मी म्हणायचो, 'आत्या, ते वाटेचं...' आणि ती हातातली भाकरी तव्यावर टाकायची थांबायची. मी पुढे काही बोललो नाही की भाकरी टाकायची आणि म्हणायची, 'खा, निवंल.' मला वाटायचं, तिलाच तो विषय नको आहे.

पुण्याचे लोक एकदा येऊन गेले. धरणाच्या कडेनं हिंडले, फोटो काढले. 'सर, ती तिसरी वाट?' त्या बाईंनी विचारलं. 'तिकडे बिबट्याचा त्रास वाढलाय,' मी म्हणालो. बिबट्याच्या नावावर आमच्याकडे काहीही खपतं. ते पुन्हा आले नाहीत. आषाढात दगडांवरचा चुना धुऊन गेला. तारेला अर्थातच काही झालं नाही.

आत्याचा मुलगा दर पंधरवड्याला येऊन म्हणायचा, चल आता भोसरीला. पावसाळ्यात ओढा भरला, लाइट चार-चार दिवस नसायची, एका पहाटे बिबट्या ओट्यापर्यंत येऊन कुत्रं घेऊन गेला. तरी ती म्हणायची, 'दिवाळीपत्तूर बघते.' शेवटी मुलानं मला मध्ये घातलं. तुमचं ऐकेल, समजवा. आणि मी समजावलं. हो, मीच. 'इथे एकटीनं राहण्यात आता काय राहिलंय?' असं मी तिला तोंडावर म्हणालो. ती पुन्हा म्हणाली, 'दिवाळीपत्तूर बघते.'

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी टेम्पो आला. एक ट्रंक, गोधड्या, थोडी भांडी. बाकीचं मुलगा नको म्हणाला. देवळापाशी टेम्पो जरा थांबवा, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही.

पौषात एका रविवारी मी सवयीनं गावी आलो आणि थांब्यावर गाडी उभी केल्यावर लक्षात आलं की जेवायला जायला घरच नाही. तिथे उभा असताना मला माझा इतका राग आला की मी सरळ देवळामागे गेलो. काका तारेपलीकडे कांद्याला पाणी देत होते. मी तारेच्या अलीकडे उभा राहून एका दमात म्हणालो, 'काका, तो चुना मी मारला होता. आत्यानं नाही. पुण्याच्या लोकांना फिरायला खुणा म्हणून मारला. मोजणी, वहिवाट, असलं काही नव्हतं.'

काकांनी फावड्यानं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. मग म्हणाले, 'म्हाईत हाय.'

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही.

'यात्रेच्या दिशी पंपाला दिवसाची लाइट व्हती,' ते म्हणाले. 'कांद्याला पाणी धरून मी हितंच व्हतो. तू बादली घेऊन चाललेला बघितला की. म्हणलं, मास्तर कायतरी चित्रबित्र काढतोय.'

'मग सोमवारी बोलला का नाही?'

'सोमवारी मी मंचरला मार्केटला गेलो व्हतो. सांजच्याला डेरीत आलो तर आक्का उभी. म्हणती, मी मारला. आता गावची लेक, तिला चारचौघांत खोटी पाडू काय? गप बसलो. मागनं ह्या चौघांना सांगितलं. म्हणलं, मास्तर रविवारी येईल, काय ते सांगंल, हसू नि सोडून देऊ. तू आलाच न्हाईस.'

काकांनी फावडं बांधाला टेकवलं.

'मग आमाला वाटलं, मास्तर चोरून चुना मारतो, आक्का पुढं होऊन अंगावर घेते, म्हंजी कायतरी कागूद हाय. दोघांचं ठरलेलं हाय. म्हणून तार लावली. तार लावल्यावर तरी भांडाया येशील म्हणलं. दर रविवारी बघतोय, तू आपला गाडीवरनं जातोय. वरीस झालं की राव.'

ते रागानं बोलत नव्हते. रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. 'एक शब्द बोलला असतास,' ते म्हणाले, 'तर त्याच दिशी तार सोडली असती.' मग खोपीत जाऊन त्यांनी पक्कड आणली आणि तारेचे चारही पदर खांबापासून तोडून बाजूला गुंडाळले. म्हातारा माणूस, पक्कड दोन्ही हातांनी दाबावी लागत होती. मी पुढे झालो तर म्हणाले, ऱ्हाऊ दे. त्या आठवड्यात बाकीच्या चौघांनीही तार काढली. ज्यानं बांध नांगरला होता त्यानं माती ओढून पाय ठेवण्यापुरता तो परत उभा केला.

पुढच्या रविवारी मी त्या वाटेनं पलीकडे गेलो. गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं, दोन ठिकाणी वाट कुठली ते कळेना. ओढ्यातला एक दगड पुरात वाहून गेला होता. मला पस्तीस मिनिटं लागली. वस्तीला कुलूप होतं. ओट्यावर पालापाचोळा साचलेला. तिथे बसून मी भोसरीला फोन लावला. आत्या तिथे चौथ्या मजल्यावर असते. लिफ्टची तिला भीती वाटते म्हणून खाली उतरत नाही. मुलानं सांगितलं होतं, आता गुडघे धरलेत, घरातल्या घरातही भिंतीला हात लावून चालते.

'आत्या, तार काढली लोकांनी,' मी म्हणालो. 'पाचही जणांनी.'

'कशी काय?'

'मी सांगितलं. चुना मी मारला होता म्हणून.'

मागे टीव्हीवर हिंदी मालिकेत कोणीतरी रडत होतं.

'बरं केलंस,' ती म्हणाली. 'मला ठाऊक व्हतं, तू सांगशील. तेवढ्यासाठीच तर थांबले व्हते तिथं, लेका.'